एक ठोका, दोन ठोके

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पावणा जिलेबी पानात पडायच्या आत दोन प्रश्न विचारतोच. कुठं असता, आणि काय करता. पहिल्याचं उत्तर सोपं होतं. "दूध संघात," म्हटलं की त्याचा चेहरा खुलायचा. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात घरटी म्हैस, त्यामुळे दूध संघातला माणूस म्हणजे निम्मा नातेवाईकच. दुसऱ्या उत्तराला मात्र मी जरा वेळ घ्यायचो. भाजी वाढून घ्यायचो, लिंबू पिळायचो आणि मग सांगायचो, "वास घेतो."

"कशाचा?"

"दुधाचा."

"ते व्हय. पण काम काय करतासा?"

"त्येच की."

मग पावणा पलीकडच्या माणसाशी उसाच्या तोडीबद्दल बोलायला लागायचा. एकतीस वर्षं मी पगार घेतला तो नाकाच्या जोरावर. कागदोपत्री माझं पद ‘ग्रेडर’, म्हणजे दुधाची प्रत ठरवणारा, पण सगळे मला नाकवाले आण्णा म्हणत. मला त्याचा राग नव्हता. उलट कुणी नुसतं आण्णा म्हटलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

काम असं होतं. गावोगावच्या दूध संस्थांतून चाळीस लिटरचे कॅन भरून गाड्या सकाळी सहापासून आमच्या डॉकवर लागत. डॉक म्हणजे गाडीच्या उंचीचा सिमेंटचा लांबलचक ओटा. कॅन एका सरकत्या साखळीवर उतरवले जात. एक गडी झाकणं उघडत जाई आणि उघडा कॅन माझ्यापुढे येई. मी वाकायचो, नाक कॅनच्या तोंडाशी न्यायचो आणि एकच श्वास घ्यायचो. दूध चांगलं असेल तर हातातल्या लांब दांड्याच्या पळीनं कॅनच्या काठावर एक ठोका. शंका आली तर दोन ठोके. एका ठोक्याचा कॅन पुढं जाई आणि यशवंत तो उचलून वजनकाट्यावरच्या मोठ्या टबात ओती. दोन ठोक्यांचा कॅन बाजूला काढला जाई. त्यातलं थोडं दूध प्रयोगशाळेत उकळून बघत. फाटलं तर कॅन आल्या गाडीनं परत.

लोक विचारतात, एवढी यंत्रं असताना नाक कशाला? यंत्राला प्रत्येक कॅनमागं काही मिनिटं लागतात, नाकाला अर्धा सेकंद. आणि एक आंबट कॅन टबात पडला की टबातलं सगळं दूध गेलं. तीन-चार गावांतल्या बायकांनी पहाटे उठून काढलेलं दूध माझ्या एका श्वासावर टांगलेलं असायचं.

या नाकापायी घरचे नियम कडक होते. तंबाखू नाही, विडी नाही, अत्तर नाही. कोल्हापुरात जन्माला येऊन मी पाळी संपेपर्यंत कांदालसूण मसाल्याला शिवायचो नाही. तांबडा रस्सा रात्रीच. आमची मंडळी, म्हणजे आमची सुमन, तिला लग्नाच्या आधीपासून मोगऱ्याच्या वासाच्या तेलाचं वेड. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तिनं ते लावून मला चहा दिला आणि त्या दिवशी मी डॉकवर प्रत्येक कॅनमध्ये मोगरा हुंगला. घरी येऊन मी तिला ते सांगितलं. बाटली फडताळात मसाल्याच्या डब्यामागं गेली ती पुढं फक्त माझ्या सुट्टीच्या दिवशी बाहेर यायची. मी तिला कधी नीट धन्यवाद दिले नाहीत. आमच्याकडं बायकोला धन्यवाद द्यायची पद्धत नाही, ही पद्धत चुकीची आहे एवढं आता कळतं.

आता तुम्हीच विचार करा. वाका, हुंगा, ठोका. वाका, हुंगा, ठोका. सकाळच्या पाळीत आठ-नऊशे वेळा. हजारातले नऊशे नव्याण्णव कॅन चांगलेच असतात, म्हणजे दिवसभर एकच ठोका. पहिल्या सहा महिन्यांत मी नोकरी सोडायच्या गोष्टी करू लागलो होतो. आणि या कामातला खरा धोका आंबट दूध नव्हेच, खरा धोका कंटाळा. खराब कॅन रोज येत नाही, आणि येतो तेव्हा नाक झोपी गेलेलं असतं.

मला वाचवलं यशवंतनं. तालमीतून थेट डॉकवर आलेला गडी, भरलेला कॅन पिशवीसारखा उचलायचा. एक दिवस त्यानं येणाऱ्या कॅनवर रंगवलेला संस्थेचा नंबर ओल्या फडक्यानं झाकला आणि म्हणाला, "आण्णा, वळखा बघू कुठल्या बाजूचा?"

"मी काय ज्योतिषी हाय व्हय?"

"नाक हाय की तुमास्नी! हरला तर धा बैठका."

त्या दिवशी मी शंभराच्या वर बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी जिना चढवेना. पण हळूहळू मला दुधातला फरक लागायला लागला. नदीकाठच्या गावांत म्हशींना उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे घालतात, त्या दुधाला गोडसर, जरा कोंदट वास. आजऱ्याकडचं दूध भाताच्या पिंजरावरचं, म्हणजे वाळल्या पेंढ्यावरचं, कोरडं, स्वच्छ. गगनबावड्याकडं पाऊस उतू जातो, तिथल्या दुधात ओल्या गवताचा असा काही हिरवा वास असायचा की डोळे मिटून सांगावं. वर्षभरात बैठका मारायची पाळी यशवंतवर आली. त्याला त्याचं काही नव्हतं, तो तसाही रोज मारायचा.

मग खेळ वाढत गेले. रोजच्या सगळ्यात चांगल्या वासाच्या कॅनला आम्ही ‘आजचा बादशहा’ ठरवायचो. त्याला पळीनं एक ठोका न मारता त्याच पळीनं काठावर हलगीचा ठेका वाजवून पुढं धाडायचा. डॉकवर साखळीचा खडखडाट एवढा की ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, म्हणून मंगळवार हा मुक्याचा वार ठरवला. त्या दिवशी सगळं हातवाऱ्यांनी. एका मंगळवारी संघाचे साहेब पाहुण्यांना डॉक दाखवायला घेऊन आले आणि यशवंतनं त्यांना खुणेनं ‘मागं सरा, अंगावर दूध उडेल’ असं सांगितलं. पाहुण्यांचा समज झाला की संघानं मुक्या माणसांना नोकरी दिली आहे. त्यांनी जाताना साहेबांचं फार कौतुक केलं आणि साहेबांनीही ते खाली पडू दिलं नाही.

सगळ्यात गोड खेळ खडूचा. रिकामे कॅन गरम पाण्यानं धुऊन परत गाडीत चढवले जात. एकदा मी बादशहा ठरलेल्या कॅनच्या खांद्यावर खडूनं लिहिलं, ‘आज तुमचं दूध पहिलं.’ दुसऱ्या दिवशी तोच कॅन भरून आला, त्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘आमच्या म्हशीला सांगितलं. तिनं मान हलवली.’ आजऱ्याकडच्या बायकांच्या संस्थेचा तो कॅन होता. लिहिणारी कोण ते मला आजतागायत माहीत नाही. पण तिच्यामुळं पत्रव्यवहार सुरू झाला तो शेवटपर्यंत चालला. नदीकाठच्या एका गावाला मी लिहिलं, ‘वाडं जास्त होतंय.’ उत्तर आलं, ‘तोड चालू हाय. म्हशीला बिस्कीट घालू काय?’ शेवटी साहेबांनी नोटीस काढली की कॅनवर काही लिहू नये. दुसऱ्या दिवशी एका कॅनवर लिहून आलं, ‘लिहीत नाही.’ साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि नोटीस स्वतःच्या हातानं काढून नेली.

हे सगळं वाचून वाटेल की आमच्या डॉकवर नुसती मजा चालायची. तसं नव्हतं. खेळामुळं माझं नाक जागं राहायचं. खराब कॅन माझ्याकडून सहसा सुटला नाही तो त्या खेळामुळं.

आता भैरूबद्दल सांगतो. गगनबावड्याकडची दुधाची गाडी भैरूची. स्वतः चालवायचा, आणि घरच्या दोन म्हशींचं दूधही त्याच गाडीतून घालायचा. त्याची वाट लांबची, पावसाळ्यात तर गाडी कुठं अडकेल याचा नेम नाही, त्यामुळं उशिरा पोचून आंबलेले कॅन बहुतेक त्याच्याच गाडीत निघायचे. मी दोन ठोके मारले की तो गाडीतून उडी टाकून यायचा.

"आण्णा, माझ्याच कॅनवर बरं दोनदा वाजतंय तुमचं!"

"वास घे की तू."

"माझं नाक सर्दीचं हाय. तुमचं लई शानं!"

वीस वर्षं आम्ही भांडलो. दूध परत न्यायचं म्हणजे गावात प्रत्येक दारात जाऊन तोंड दाखवायचं, ते त्याला करावं लागायचं, मला नाही. तो राग मला कळायचा. पण त्यासाठी एक ठोका मारणं माझ्या हातात नव्हतं. कोरोनाची दुसरी लाट आली त्या दिवसांत एकदा मी त्याचे एकदम तीन कॅन परत काढले. भैरूनं झाकण ओट्यावर आपटलं आणि सगळ्यांसमोर ओरडला, "नाक गळून पडंल तुमचं एक दिस!"

पुढच्याच आठवड्यात मला ताप भरला.

सतरा दिवस मी उचगावच्या घरी माडीवर एकटा पडून होतो. जिवावरचं टळलं. खाली उतरलो तेव्हा सुमननं माझ्या आवडीचा रस्सा केला होता. मी पहिला घास घेतला आणि तोंडात गरम पाणी आल्यासारखं वाटलं. वास नाही, चव नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, महिना लागेल, वर्ष लागेल, काहींना येत नाही.

माझ्या निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिली होती. संघानं मला कामावरून काढलं नसतं, कुठंतरी फाटकावर किंवा गोदामात बसवलं असतं. पण नाकवाले आण्णा नाकाशिवाय काय करणार? मी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. कामावर रुजू व्हायच्या सकाळी सुमननं चहा आणून दिला आणि समोर उभी राहिली.

"काय वास येतोय?" तिनं विचारलं.

"कशाचा?"

तिनं पदर सारून केस दाखवले. तेलानं चपचपले होते. लग्नाच्या त्या पहिल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच तिनं कामाच्या दिवशी ते तेल लावलं होतं आणि मला हातभर अंतरावर पत्ता नव्हता.

"अवं, नगा जाऊ," ती म्हणाली. "सांगून टाका त्यास्नी."

मी गेलो. आणि खोटं सांगत नाही, पहिले दहा दिवस कुणाला संशयसुद्धा आला नाही. एवढ्या वर्षांच्या खेळानं मला सगळ्या पळवाटा शिकवून ठेवल्या होत्या. गाड्या कोणत्या क्रमानं लागतात ते पाठ होतं. त्यामुळं यशवंतनं नंबर झाकला की मी ऐटीत वाकायचो, श्वास घ्यायचो आणि गाव सांगायचो. बरोबर यायचं. खराब दूध कधी कधी डोळ्यालाही कळतं, काठाला बारीक कण दिसतात. त्यावर मी निभावत होतो. बाकी हजारातले नऊशे नव्याण्णव चांगलेच, सगळ्यांना एक ठोका मारला तरी मी पास. ज्या खेळानं माझं नाक जागं ठेवलं होतं, त्याच्याच आडोशाला मी लपलो होतो. रोज घरी जाताना स्वतःची शरम वाटायची आणि रोज सकाळी मी परत जायचो.

अकराव्या दिवशी एका कॅनला मी एक ठोका मारला. यशवंतनं तो उचलून टबात ओतला आणि दुसऱ्या क्षणी ओरडला, "आण्णाऽऽ!" त्यानं धाडकन टबाचा कॉक बंद केला. त्याच्यासारख्या साध्या नाकालाही लांबून कळावं इतकं ते दूध आंबलेलं होतं. टबात आधी ओतलेलं तीन गावांचं चांगलं दूध त्याच्यात मिसळलं होतं. ते पुढच्या टाकीत गेलं नाही, पण पिण्याच्या कामाचंही उरलं नाही. सगळी साखळी थांबली. मी पळी हातात धरून उभा होतो. माझ्या तोंडून निघालं, "झाकण उघडणाऱ्यानं..."

"आण्णा," यशवंत जवळ येऊन हळू म्हणाला, "परवा मी आजऱ्याचा कॅन बावड्याच्या रांगेत घुसडलाता. गंमत म्हनून. तुम्ही वाकलासा, वास घेतलासा, आन् गगनबावडा म्हणलासा."

मी हातातली पळी फडक्यानं पुसायला लागलो.

"दोन दिस झालं मला ठावं हाय. मी बोललो न्हाय, ही माझी चूक. आता मी कुणाला सांगनार न्हाय. तुम्ही सांगा."

वीसेक पावलांवर प्रयोगशाळा. तिथं इनामदार मॅडम केमिस्ट होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. आमचं नेहमीचं भांडण, त्या म्हणायच्या यंत्रावर विश्वास ठेवा, मी म्हणायचो नाकावर. त्यांच्यापुढं उभं राहून "मला वास येत नाही" एवढे चार शब्द बोलायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आण्णा, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," त्या एवढंच म्हणाल्या. मग हात पुढं केला. "पळी द्या."

मी पळी दिली. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. मॅडमनी वर काय लिहून कळवलं मला माहीत नाही. मला ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती. पण बदली झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून मॅडम स्वतः माझ्या जागी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "मला शिकवा. आणि तोपर्यंत तुमच्या नाकालाही शिकवू या." त्यांचं म्हणणं होतं की ओळखीचे वास रोज घेत राहिलं तर नाकाला वाट सापडू शकते.

ही गोष्ट गाड्यांवर पसरायला किती वेळ लागणार? दुसऱ्या सकाळपासून डॉकवर वासांची जत्रा भरली. आजऱ्याच्या गाडीतून मूठभर घनसाळ तांदूळ आला, त्या तांदळाचा वास शेजारच्या घरात जातो, माझ्या नाकात गेला नाही. कुणी गुऱ्हाळावरची काकवी आणली. यशवंतच्या आईनं पुडीत कांदालसूण मसाला धाडला. मी जोरात श्वास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. घरी सुमन रोज सकाळी तेलाची बाटली नाकाखाली धरायची. "आला?" "न्हाय." "बरं." मग ती तेल लावून कामाला लागायची. माझ्या आजारपणात तेवढी एक चैन तिला झाली.

आणि कॅन. भरून येणाऱ्या कॅनवर खडूनं लिहून यायला लागलं, ‘नाक आलं का?’ एका गावाचं आलं, मग चार गावांचं. ज्यांचा चेहरा मी कधी बघितला नाही, ज्यांचे कॅन मी वर्षानुवर्षं परत धाडले, ते विचारत होते. आजऱ्याच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘म्हैस विचारते, आण्णा कसे आहेत?’ मी कोपऱ्यात जाऊन तोंड धुतलं.

भैरू मात्र काही बोलायचा नाही. गाडी लावायचा, वास घ्यायला ओलं गवत माझ्यापुढं टाकायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. मला वाटलं, जुना राग.

माझी नवी जागा साखळीच्या तोंडाशी होती, झाकण उघडतात तिथं. माझ्या हातात दुसरी पळी दिली होती. मी वास घ्यायचा, जमेल तसा ठोका मारायचा, आणि कॅन पुढं मॅडमकडं. त्या मोठ्या काट्याच्या पलीकडं, मला दिसायच्या नाहीत. खरा ठोका त्यांचा. माझा नुसता सराव. पाळी संपली की यशवंत येऊन सांगायचा, "आण्णा, आज हजारात नऊशे नव्याण्णव बरोबर!" त्याला काय अर्थ होता ते मलाही माहीत होतं. मी सगळ्यांना एकच ठोका मारत होतो.

पाऊस सरला. गणपती आले-गेले. मॅडमचं नाक तयार झालं होतं, त्या आता डोळे मिटून गाव सांगायच्या आणि हरलेल्या यशवंतला बैठका मारायला लावायच्या. मी मनातून आशा सोडली होती.

मग एका सकाळी गगनबावड्याची गाडी लागली. एक, दोन, तीन, चार कॅन गेले. पाचव्यावर वाकलो आणि नाकाच्या मुळाशी काहीतरी खुपलं. बारीक, आंबूस. मला वाटलं भास. परत वाकलो. तोच. घाणेरडा, आंबट, नासकट वास, आणि मला तो इतका गोड वाटला की मी कॅनमध्येच तोंड घालायचा राहिलो. पळी उचलली आणि काठावर मारली. एकदा. आणि आणखी एकदा.

साखळी थांबली. झाकणं उघडणारा थांबला. काट्यामागून यशवंत आला, त्याच्यामागून मॅडम. आणि गाडीतून भैरूनं उडी टाकली. वीस वर्षांच्या सवयीनं मी भांडणाला तयार झालो.

"आण्णा," तो म्हणाला, "काय म्हणलासा?"

"आंबट हाय."

"नक्की?"

"नक्की. आजचं न्हाय हे. कालचं दूध हाय."

भैरू तिथंच ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मला काही कळेना. शेवटी यशवंतनं सांगितलं. मी सगळ्यांना एकच ठोका मारतो हे भैरूच्या ध्यानात आलं होतं. चांगल्या दुधावर माझं नाक आलंय की नाही ते कळणारच नाही, हेही त्याच्याच ध्यानात आलं. म्हणून तो रोज घरच्या म्हशीचं आदल्या दिवशीचं दूध आंबवून एका कॅनच्या तळाला आणायचा आणि रांगेत घुसडायचा. मॅडमना माहीत होतं, यशवंतला माहीत होतं. काट्यामागं तो कॅन रोज गुपचूप बाजूला निघायचा.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आज चाळीस."

चाळीस दिवस मी त्या नासक्या दुधावर एक ठोका मारत होतो, आणि चाळीस दिवस हा माणूस गाडीत बसून कान देऊन ऐकत होता.

"बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? रोज नापास झालासा म्हनून सांगायचं?" त्यानं बाहीनं डोळे पुसले. "मीच म्हणलतो की आण्णा, नाक गळून पडंल. माझ्याच तोंडानं गेलतं. मग मीच आनायला नगो?"

मी त्याला खूप सांगितलं की कोरोना काही शिव्याशापांनी होत नाही. त्याला ते पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. पण ज्या माणसाला दूध परत गेलेलं कधी सहन झालं नाही, त्यानं माझ्यासाठी रोज स्वतःचं दूध नासवलं, हे मी कुठल्या शब्दात मांडू? मी त्याला मिठी मारली. त्याच्या शर्टाला ओल्या गवताचा वास येत होता.

मॅडमनी त्यांच्या हातातली पळी माझ्यापुढं धरली. मी म्हणालो, आठ दिवस थांबा, खात्री होऊ दे. आठ दिवस दोघांचे ठोके जुळले, मग घेतली. पुढं दोन वर्षं आम्ही आळीपाळीनं उभे राहिलो. आता गावागावांत दूध थंड करायच्या टाक्या बसल्या, कॅन कमी झाले, डॉकचा निम्मा ओटा रिकामा असतो. पळी मॅडमकडंच आहे.

नाक परत आलं त्या दिवशी पाळी संपल्यावर भैरूचे धुतलेले कॅन गाडीत चढत होते. त्या पाचव्या कॅनच्या खांद्यावर मी खडूनं लिहिलं, ‘आलं.’ दुसऱ्या गाड्यांचेही कॅन होते. त्यांच्यावरही लिहिलं. खडू संपला तेव्हा यशवंतनं दुसरा आणून दिला.

घरी पोचलो तेव्हा सुमन दारातच होती, कुणीतरी फोन केला होता. मी काही बोलायच्या आत तिनं बाटली आणून नाकाखाली धरली. मोगरा. क्षीण होता, पण होता.

"आला," मी म्हणालो.

तिनं बाटलीचं बूच घट्ट लावलं, फडताळाकडं गेली आणि बाटली परत मसाल्याच्या डब्यामागं ठेवून दिली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली, "अजून दोन वरसं."